शेवटचा मैल कोण चालतं?

मुलुंड, मुंबई
रविवार, रात्र

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, “लिनक्स मिंट हाताशी असताना बीएसडीच्या वाटेला कशाला गेलास?” तेव्हा गाडी घाटकोपरला शिरत होती, त्या गर्दीत काही बोलता आलं नाही. विंडोजऐवजी घालता येणाऱ्या या मोफत ऑपरेटिंग सिस्टिममधून मी बीएसडी का निवडली, ते म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आमच्या सोसायटीचा जमाखर्च बाबांकडे असतो, हे तुला माहीत आहे. त्यांच्या लॅपटॉपवरच्या विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनवर ११ चढत नाही, आणि चालता लॅपटॉप टाकून द्यायला बाबा तयार नाहीत. मिंटने काम भागलं असतं, मिंट उत्तमच आहे. पण लिनक्स म्हणजे मुळात कर्नल, हार्डवेअर सांभाळणारा सिस्टिमचा गाभा. बाकीचा संसार मिंटसारखी प्रत्येक डिस्ट्रो, म्हणजे त्या गाभ्यावर बांधलेली तयार सिस्टिम, आपापल्या परीने मांडते. बीएसडी घराण्यातल्या फ्रीबीएसडीत कर्नल आणि त्याभोवतीची मूळ सिस्टिम एकाच घरात, एकाच हाताखाली वाढते. ती शिस्त मला कॉलेजपासून आवडते.

आधी शुद्ध फ्रीबीएसडीच घातली. इन्स्टॉलर सुरळीत पार पडला आणि शेवटी काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ. मग पडद्यावर खिडक्या दाखवणारं एक्सऑर्ग, ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीआरएम-केमॉड, डेस्कटॉप, आवाज, सगळं एकेक करून घातलं. तरी पडदा अडखळतच होता. युजरला ग्राफिक्स वापरायची परवानगी देणाऱ्या ‘व्हिडिओ’ ग्रुपमध्ये टाकायचं राहिलं होतं! दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मला ते करताना आनंद होतो रे, पण पुढच्या वेळी बाबांनी एकट्याने काय करायचं?

मग घोस्टबीएसडी घातली. कॅनडातल्या एरिक टर्जन यांनी सुरू केलेली. आत तीच फ्रीबीएसडी, पण माटे नावाचा डेस्कटॉप आयता, कोपऱ्यात वायफायचं चिन्ह, प्रोग्रॅमची पॅकेजं घ्यायला खिडकी. देवनागरीसाठी नोटो फॉन्ट आणि आयबस या टायपिंगच्या साधनातून इनस्क्रिप्ट कीबोर्ड घातला. बाबांनी पहिला शब्द टाइप केला ‘पावती’. जोडाक्षरं नीट उमटतात का, म्हणून लगेच ‘दुरुस्ती खर्च’ लिहून पाहिलं.

खरी परीक्षा गेल्या महिन्यात झाली. अपडेटनंतर मशीन सुरू झालं, पण डेस्कटॉप येईना. वार्षिक सभा चार दिवसांवर आलेली. पण अपडेट करण्याआधी घोस्टबीएसडी चालू सिस्टिमची एक प्रत राखून ठेवते, त्याला बूट एन्व्हायर्नमेंट म्हणतात. फायली साठवणारी झेडएफएस यंत्रणा ती क्षणात करते, आणि सुरुवातीला जागाही जवळजवळ लागत नाही. मी सुरुवातीच्या मेन्यूतून आदल्या दिवशीची सिस्टिम निवडली आणि डेस्कटॉप परत आला. बाबांचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता: “सकाळच्या नोंदी गेल्या का?” नव्हत्या गेल्या. घरच्या फायली वेगळ्या डेटासेटमध्ये, म्हणजे झेडएफएसच्या स्वतंत्र कप्प्यात असतात. सिस्टिम मागे गेली तरी त्या जागच्या हलत नाहीत. त्यांनी वही उघडून एकेक आकडा ताडून पाहिला, मगच चहा घेतला.

सुहास, १९९३ पासूनच्या या फ्रीबीएसडीवर मोठमोठे इमले उभे आहेत. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम तिच्यावरून घडली, नेटफ्लिक्स आपले व्हिडिओ तिच्यावरून पाठवतं. आणि ती साध्या माणसाच्या टेबलापर्यंत आणायचं काम करणारे मात्र मोजकेच. पीसी-बीएसडी आठवते ना? २००५ मध्ये क्रिस मूर यांनी सुरू केली. डबल क्लिक केलं की प्रोग्रॅम बसायचा. तुझ्या दादरच्या खोलीत आपण किती वेळ तेच करत बसलो होतो! पुढे २०१६ मध्ये ती ट्रूओएस झाली आणि २०२० मध्ये थांबली. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं. कर्नल लिहिणाऱ्यांइतकाच मान मी या शेवटच्या मैलावरच्या लोकांना देतो, कारण बाबांपर्यंत सिस्टिम पोचली ती त्यांच्यामुळे.

अडचणी आहेत, तुझ्यापासून लपवत नाही. काही वायफाय कार्डं चालतच नाहीत, आणि प्रिंटर घेण्याआधी चौकशी केलेली बरी. त्यामुळे तुझ्या मशीनवर थेट घालू नकोस. मी एका पेनड्राइव्हवर फ्रीबीएसडीवरचीच नोमॅडबीएसडी टाकून ठेवली आहे. ती पेनड्राइव्हवरूनच चालते, केलेले बदल त्यातच राहतात आणि तुझ्या डिस्कला हात लागत नाही. दिवाळीला येशील तेव्हा लॅपटॉप घेऊन ये. त्याआधी वायफाय कार्डाचं नाव तेवढं कळव, म्हणजे चालतं की नाही ते मी पाहून ठेवतो.

आईने काकूंना नमस्कार सांगितलाय.

तुझा,
मिलिंद