संवाद आणि ऐकण्याच्या कार्यशाळेबाबत तक्रार व उर्वरित बिल रोखल्याची सूचना

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक

विषय : लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यासाठी घेतलेली ‘कामाच्या ठिकाणी संवाद आणि ऐकण्याचे कौशल्य’ ही दोन दिवसांची कार्यशाळा ठरल्याप्रमाणे न झाल्याबाबत

महोदय,

काल दुपारी तुमच्या ग्राहक विभागाशी फोनवर जे बोलणे झाले, त्यानंतर पुन्हा फोन करायचा नाही असे ठरवूनच हे पत्र लिहीत आहे. तुमच्या कार्यशाळेत काय शिकवतात हे तुम्हाला माहीत आहेच. आमच्याकडे त्यातले काय झाले आणि काय झाले नाही, तेवढेच सांगते.

आमचा कारखाना रसायनांचा आहे. सकाळी 7, दुपारी 3 आणि रात्री 11 अशा तीन पाळ्या चालतात. जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला जे सांगतो, त्यातले काहीतरी सुटते. कुठले परमिट, म्हणजे दुरुस्तीच्या कामाची लेखी परवानगी, अजून उघडे आहे, कुठला अलार्म बायपास करून बंद ठेवला आहे, फिटरने कुठली पाइपलाइन खोलून ठेवली आहे. पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका खोललेल्या लाइनवरचा पंप पुढच्या पाळीने सुरू केला. कोणाला इजा झाली नाही, कारण त्या क्षणी तिथे कोणी उभे नव्हते. सुरक्षा अधिकारी म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही आणि दुसऱ्याच दिवशी मी प्रशिक्षणासाठी चौकशी सुरू केली.

हे सगळे मी तुमच्या विक्री प्रतिनिधीला पहिल्या बैठकीत सांगितले होते. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटाचे उदाहरणही दिले होते. 6 जुलै 1988 च्या रात्री तिथे नेमके हेच घडले. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि उघड्या तोंडाला तात्पुरते झाकण लावले होते. ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोचलीच नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला. 167 माणसे गेली. पुढे झालेल्या चौकशीत परमिटची पद्धत आणि पाळीबदलाचे बोलणे, दोन्हींवर बोट ठेवले गेले. मी म्हटले होते की आमच्या लोकांना भाषणकला शिकवू नका. पाळी बदलताना ऐकायचे कसे, ऐकलेले परत म्हणून कसे दाखवायचे, तेवढे शिकवा. विमानतळावरच्या नियंत्रकाची परवानगी वैमानिक परत म्हणून दाखवतो, तसे.

तुमच्या प्रस्तावात चार गोष्टी लेखी आहेत. प्रशिक्षक आधी एक दिवस प्लांटवर येऊन प्रत्यक्ष पाळीबदल पाहतील. सराव आमच्याच लॉगबुकातल्या नोंदींवर घेतील. कार्यशाळा मराठीत होईल. तीन महिन्यांनी प्लांटवर येऊन कामात काय फरक पडला ते तपासतील. यातली एकही गोष्ट झाली नाही.

प्लांटवर कोणी आले नाही. चिपळूणच्या हॉटेलातल्या हॉलमध्ये प्रशिक्षक आले तेव्हा आम्ही काय बनवतो हेसुद्धा त्यांना माहीत नव्हते. पडद्यावरचा मजकूर इंग्रजीत आणि बोलणे हिंदी-इंग्रजीत. खेड, दापोली, चिपळूणच्या गावांतून आलेली माझी माणसे दोन दिवस गप्प बसून होती. पहिल्या तासाला मी प्रशिक्षकांना बाजूला बोलावून मराठीत बोलण्याची विनंती केली. ‘हो हो, मिक्स करतो’ असे म्हणाले आणि पुढची दहा मिनिटे केले.

खेळ घेतले. एकाने चित्राचे वर्णन करायचे आणि पाठमोऱ्या बसलेल्या दुसऱ्याने ते ऐकून काढायचे, हा खेळ खरोखर चांगला होता. एका जोडीतला ऑपरेटर म्हणाला, ‘मी गोल म्हटलं, ह्याने अंडं काढलं, पण विचारलं नाही.’ पाळीबदलाचे सगळे दुखणे त्या वाक्यात होते. तिथे अर्धा तास थांबायला हवे होते. जेवण लागले म्हणून चर्चा तिथेच संपली.

त्यानंतर पडद्यावर ती प्रसिद्ध टक्केवारी आली. संवादात शब्दांचा वाटा 7 टक्के, आवाजाचा 38 आणि चेहऱ्याचा 55. हे तुमच्या छापील पुस्तिकेतही आहे, म्हणून यावर स्वतंत्रपणे लिहिते. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 च्या प्रयोगांवरून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवले होते आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरेच, अशा वेळी समोरच्याला आपण आवडतो की नाही हे माणूस कशावरून ठरवतो, एवढाच तो प्रश्न होता. सगळ्या संवादाला हे लावू नका असे मेहराबियन यांनी स्वतः सांगितलेले आहे. आमच्या प्लांटवर तोंडावर मास्क असतो, डोळ्यांवर गॉगल असतो, कॉम्प्रेसरच्या आवाजात वॉकी-टॉकीवर बोलावे लागते. ‘व्हॉल्व्ह बंद आहे’ आणि ‘व्हॉल्व्ह बंद करायला सांगितलाय’ यात माणसाच्या जिवाचा फरक आहे आणि तो पूर्णपणे शब्दांचा आहे. अशा लोकांना शब्दांची किंमत 7 टक्के आहे हे शिकवणे धोक्याचे आहे. ते पान पुस्तिकेतून काढा.

आमच्याकडे एक ज्येष्ठ ऑपरेटर आहेत. प्लांटवर सगळे त्यांना काका म्हणतात, मीसुद्धा. दुसऱ्या दिवशी ते उभे राहिले आणि म्हणाले, ‘साहेब, जाणाऱ्याची बस 7 वाजून 10 मिनिटांनी सुटते. येणारा त्याच बसने 7 ला उतरतो. त्यातच कपडे बदलायचे, बूट घालायचे. मग सांगायचं कधी आणि ऐकायचं कधी?’ प्रशिक्षकांनी त्यांना मध्येच दोनदा तोडले. मग ‘गुड क्वेश्चन, पार्किंग लॉटमध्ये ठेवू या’, म्हणजे नंतर बघू, असे म्हणत एका पिवळ्या चिठ्ठीवर इंग्रजीत दोन शब्द लिहून ती भिंतीवरच्या तक्त्याला चिकटवली. संध्याकाळी तो तक्ता गुंडाळून नेला. काकांचा प्रश्न कोणी परत काढला नाही. दोन दिवसांत एवढा मोलाचा प्रश्न दुसरा कोणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर ऑपरेटरकडे नाही, व्यवस्थापनाकडे आहे, आणि तो व्यवस्थापनापर्यंत पोचवणे हेच तुमच्या माणसाचे काम होते. ते न झाल्यामुळे शेवटी मीच वर सांगितले. या महिन्यापासून बस 7 वाजून 25 मिनिटांनी सुटते.

आता कालच्या फोनबद्दल.

तुमच्या प्रतिनिधींनी सुरुवातीलाच ‘मॅडम, मी पूर्ण ऐकतोय’ असे सांगितले. मी म्हटले, प्रशिक्षक प्लांटवर आले नाहीत. ते म्हणाले, ‘म्हणजे तुम्हाला असं वाटतंय की आमच्या टीमने तुम्हाला पुरेसा वेळ दिला नाही.’ मी म्हटले, वाटण्याचा प्रश्न नाही, प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर लिहिलेले आहे. ते म्हणाले, ‘म्हणजे तुम्हाला डॉक्युमेंटेशनबद्दल काळजी वाटतेय.’ मी मराठीचा मुद्दा काढला. ‘म्हणजे भाषेमुळे तुम्हाला थोडं दुरावल्यासारखं वाटलं.’ मला दुरावल्यासारखे वाटले नाही हो, माझ्या लोकांना कळले नाही! हेही मी सांगितले. त्यावर पुन्हा ‘तुमची भावना मी समजू शकतो.’ मी विचारले, आतापर्यंत मी सांगितलेले तुम्ही कुठे लिहून घेतले आहे का? काही क्षण शांतता. मग त्यांनी कारखाना कुठला आणि कार्यशाळा कधी झाली हे विचारले. एवढा वेळ बोलल्यानंतर.

ते सगळे परत सांगून मी तीन महिन्यांनंतरच्या तपासणीबद्दल विचारले. ते म्हणाले की फीडबॅक फॉर्मवर तुमच्याच लोकांनी चांगले गुण दिले आहेत, त्यामुळे तपासणीची गरज नाही. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी प्रशिक्षण मोजण्याचे चार टप्पे 1959 मध्येच मांडले आणि तुमच्या प्रस्तावातही त्यांचा उल्लेख आहे. आवडले का, शिकले का, कामात वागणे बदलले का, परिणाम झाला का. चहा-बिस्किटांसोबत भरून घेतलेला फॉर्म पहिल्या टप्प्यावरच संपतो. पैसे तुम्ही तिसऱ्या टप्प्याचे लावले आहेत.

मग शेवटी ते म्हणाले, आणि हे वाक्य मी फोन ठेवल्यावर लगेच लिहून ठेवले : ‘मॅडम, मोकळं बोलतो. वर्कर क्लासला हे जरा जडच जातं. पालथ्या घड्यावर आम्ही तरी किती पाणी ओतणार?’ आणि त्याच दमात सुपरवायझरांसाठीच्या पुढच्या कोर्सवर सवलत देऊ केली.

तुमच्या प्रतिनिधींना त्यांच्याच विषयाचा इतिहास माहीत असायला हवा होता. समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत परत सांगण्याची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी 1957 मध्ये ‘ॲक्टिव्ह लिसनिंग’ या नावाने मांडली, ती शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्रातून. त्यांनी दिलेल्या उदाहरणात बोलणारा माणूस कारखान्यातला फोरमन आहे. आजची उत्पादनाची ऑर्डर झेपणार नाही, असे तो वरच्या साहेबाला सांगतो आहे. म्हणजे ज्यांना तुम्ही पालथा घडा म्हणता, त्यांचे वरिष्ठांनी कसे ऐकावे यासाठी ही विद्या लिहिली गेली. आणि मनात समोरच्याबद्दल आदर नसेल तर ती नुसते तंत्र म्हणून वापरता येत नाही, हेही त्या दोघांनी तिथेच स्पष्ट लिहिले आहे. काल माझ्यावर ती नुसते तंत्र म्हणूनच वापरली गेली.

माझी माणसे पालथा घडा नाहीत. नुसता पंपाचा आवाज ऐकून त्याचे बेअरिंग गेले आहे हे ते सांगतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले गेले नाही आणि तुम्ही प्लांटवर आलाच नाहीत, हे मी पुन्हा लिहिते, कारण फोनवर दर वेळी ते बाजूला सारले गेले.

तुमचे नाव मी आमच्या वसाहतीतल्या दुसऱ्या दोन कारखान्यांना स्वतःहून सुचवले होते. त्या दोघांनाही या पत्राची प्रत जात आहे. बिलाची उर्वरित रक्कम आम्ही रोखली आहे. ती हवी असेल तर मराठी बोलणारा प्रशिक्षक रात्री 11 च्या पाळीबदलाला प्लांटवर उभा राहिला पाहिजे आणि आमच्या लॉगबुकावर सराव घेतला पाहिजे, तोही जादा आकार न लावता. ते जमणार नसेल तर भरलेली आगाऊ रक्कम परत करा. पुस्तिकेतले ते टक्केवारीचे पान बदला. आणि पालथ्या घड्याच्या वाक्याबद्दल माफी मागा. माझी नव्हे, आमच्या ऑपरेटरांची. मराठीत आणि लेखी, म्हणजे ती सूचना फलकावर लावता येईल.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आमच्या वकिलांमार्फत नोटीस पाठवली जाईल. कृपया फोन करू नये.

आपली,
सुरक्षा अधिकारी

सोबत : प्रस्तावाची प्रत, पुस्तिकेतील संबंधित पान, फोनवरील संभाषणाची माझी नोंद