नॅरोबोट भाड्याने घेण्याआधी लॉक समजून घ्या

महोदय,

इंग्लंडातल्या कालव्यांवर नॅरोबोट, म्हणजे लांब आणि अरुंद पोलादी बोट, भाड्याने घ्यायला ती चालवण्याचा परवाना लागत नाही. निघताना थोडा वेळ माहिती देतात आणि पंधरा-सोळा टनांचं पोलाद आपल्या हाती सोपवतात. तिथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही भारतातून आई-वडील आले की अशा सहली आखतात. जरूर आखाव्यात. पण प्रवासवर्णनांत बदकं आणि हिरवे काठ येतात, लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दोन दरवाजांमधल्या हौदात, बोट बुडते कशी हे येत नाही. म्हणून हे पत्र.

आधी दिवसाचा हिशेब. वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे. प्रत्यक्षात 3 मैल धरा आणि प्रत्येक लॉकला 15 मिनिटं द्या. 10 मैल आणि 10 लॉक म्हणजे सहा तास. वुस्टर-बर्मिंगहॅम कालव्यावर टार्डेबिगला सव्वादोन मैलांत 30 लॉक आहेत आणि त्यांतून बोट 220 फूट चढते. नवख्यांनी त्या दिवशी दुसरं काहीही ठरवू नये. उथळ पाण्यात इंजिनाचा जोर वाढवला तर वेग वाढत नाही. बोटीची मागची बाजू खाली बसते, मागे लाट फुटते आणि काठाची माती ढासळते. लाट फुटताना दिसली की वेग कमी करायचा. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद ठेवायचं, नाहीतर ओढीने त्यांच्या खुंट्या उपटून येतात.

सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. ती साधारण मधल्या बिंदूवर फिरते, त्यामुळे पुढचं टोक वळलं की मागचं टोक उलट्या बाजूला झुकतं आणि तेच पुलाला घासतं. ब्रेक नसतात. थांबवायला रिव्हर्स टाकावा लागतो आणि रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ निकामी असतं. समोरून बोट आली तर उजवीकडून जायचं. आपटणारच असं वाटलं तरी हात किंवा पाय मध्ये घालून अडवू नये. एवढ्या वजनापुढे हाड टिकत नाही.

आता लॉक. अरुंद लॉक सुमारे 7 फूट रुंद असतं आणि बोट 6 फूट 10 इंच, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून जेमतेम दोन इंच. उतरताना खरा धोका पाण्याखालच्या उंबऱ्याचा. वरच्या दरवाजाच्या पायथ्याशी काँक्रीटचा किंवा दगडी उंबरा असतो. लॉक भरलेलं असताना तो दिसत नाही, भिंतीवर फक्त पांढरी रेघ असते. पाणी उतरू लागलं आणि बोटीचं मागचं टोक त्या रेघेच्या मागे राहिलं तर ते उंबऱ्यावर अडकतं, पुढचं टोक मात्र खाली जात राहतं आणि बोट काही मिनिटांत बुडते. म्हणून सुकाणूवरच्या माणसाने बोट पुढे धरून ठेवायची आणि सारखं मागे बघायचं. तरीही अडकलीच तर पाणी सोडणाऱ्या खालच्या झडपा तत्काळ बंद करायच्या, मग वरच्या हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरायचं. चढताना उलट: पुढचं टोक वरच्या दरवाजाच्या आडव्या लाकडाखाली अडकू शकतं. तेव्हा वरच्या झडपा बंद करून खालच्या उघडायच्या. दरवाजातली झडप आधी उघडली तर पाण्याचा लोट थेट पुढच्या डेकवर येतो, म्हणून भिंतीतल्या झडपांनी सुरुवात करावी. लॉकमध्ये दोर घट्ट बांधू नये. खुंट्याला वेढा देऊन टोक हातात ठेवावं.

हे सगळं जमतं ते झडपेपाशी माणूस उभा असेल तरच. झडप उचलून फोटो काढायला जाऊ नका. झडप फिरवायची किल्ली दांड्यावर अडकवून ठेवू नये; खिट्टी सुटली तर ती गरगर फिरते आणि तोंडावर येते.

अरुंद लॉकच्या एका वापरात लाखभर लिटर पाणी खाली जातं. समोरून बोट येत असेल आणि लॉक तिच्या बाजूला तयार असेल, तर थांबा. निघताना दरवाजे लावा, झडपा पूर्ण खाली करा. एक झडप अर्धवट उघडी राहिली तर वरचा पट्टा, म्हणजे वरच्या लॉकपर्यंतचं पाणी, रात्रीत रिकामा होऊ शकतो आणि सकाळी तिथल्या बोटी चिखलात बसलेल्या असतात. 2025 च्या उन्हाळ्यात पाण्याअभावी अनेक कालव्यांचे भाग बंद ठेवावे लागले होते.

रोज सकाळी इंजिन ऑइल तपासा. संध्याकाळी बोट ढकलणाऱ्या पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्याजवळची ग्रीसची कळ जड लागेपर्यंत फिरवा, नाहीतर तिथून पाणी आत ठिबकत राहतं. बोट सुस्त झाली किंवा थरथरली तर पंख्यात काहीतरी गुंडाळलं आहे असं समजा. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच पंख्यावरचं झाकण उघडायचं. काढून झालं की ते झाकण नीट आवळून बसवलं नाही, तर तिथूनच पाणी भरतं. तिथे निघतं ते बहुतेक प्लॅस्टिक, दोरी, आणि कापड. पश्चिम लंडनमध्ये साउथॉलजवळ ग्रँड युनियन कालव्यात नारळ तरंगताना दिसतात. श्रद्धेला आमचा विरोध नाही, पण वस्त्र आणि निर्माल्य कालव्यात सोडू नये, ही तिथल्या सर्व भारतीयांना कळकळीची विनंती. बोटीवर मागे उभं राहणाऱ्यांनी ओढणी किंवा पदर मोकळा सोडू नये, तेही याच कारणाने.

थंडी वाजते म्हणून केबिनमधल्या हवेच्या जाळ्या टॉवेलने बुजवू नका. शेगडीचा कार्बन मोनॉक्साइड आत साचतो आणि त्याला वास नसतो. निखाऱ्याची बार्बेक्यू विझलेली वाटली तरी आत आणू नका. आणि कुणी पाण्यात पडलं तर सुकाणूवरच्याने सर्वांत आधी गिअर न्यूट्रलला आणायचा, मग इंजिन बंद. रिव्हर्स घेऊ नका, पंखा त्या माणसाला स्वतःकडे ओढतो. मागोमाग उडी नको, दोर फेका. कालव्याच्या मध्यावर बहुधा मोठ्या माणसाला उभं राहता येतं. लॉकमध्ये येत नाही, म्हणून मुलांना लॉकजवळ लाइफ जॅकेट घातलेलंच असू द्या.

आपले,
बर्मिंगहॅम येथील काही वाचक