बेनकिरान यांना मतदारांनी पाडले नव्हते

महोदय,

मोरोक्कोविषयीच्या आपल्या लेखात तिथले तेव्हाचे सरकारप्रमुख (पंतप्रधान) अब्देलिला बेनकिरान यांना २०१७ मध्ये मतदारांनी घरी बसवल्याचे म्हटले आहे. त्या वर्षी तिथे संसदेची निवडणूकच नव्हती. उलट ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांच्या न्याय आणि विकास पक्षाच्या जागा १०७ वरून १२५ झाल्या होत्या. घोडे अडले ते बेरजेत.

सभागृह ३९५ चे, बहुमत १९८. बेनकिरान यांचा हिशेब सरळ होता. स्वतःचे १२५, अझीझ अखन्नूश यांच्या पक्षाचे ३७, लोकचळवळ पक्षाचे २७ आणि माजी कम्युनिस्टांचे १२, म्हणजे २०१. जुनीच आघाडी, तेवढ्यात भागले असते. पण अखन्नूश अडून बसले : समाजवादी (२०) आणि घटनावादी संघ (१९) यांनाही घ्या. समाजवाद्यांना बेनकिरान तयार नव्हते. ८ जानेवारी २०१७ ला त्यांनी बोलणी संपल्याचे पत्रक काढले आणि १६ तारखेला त्याच २० जागांच्या पक्षाचे हबीब अल-मालकी सभापती झाले! जिल्हा परिषदेतल्या सभापतिपदांचे वाटप पाहिलेल्या सांगलीकरांना याचे नवल वाटणार नाही.

घटनेचे ४७ वे कलम सांगते, की पहिल्या आलेल्या पक्षातून राजाने सरकारप्रमुख नेमावा. त्याला बहुमत जमलेच नाही तर किती दिवस थांबायचे, यावर कलम गप्प आहे. पाच महिने वाट पाहून १५ मार्चला राजे मोहम्मद सहावे यांनी बेनकिरान यांना दूर केले. पक्ष तोच ठेवला, माणूस बदलला. नव्या सादेद्दीन ओथमानी यांनी आठ-दहा दिवसांत समाजवाद्यांसह सहा पक्ष एकत्र आणले, बेरीज २४०.

बेनकिरान यांची खरी जोखीम लेखात सुटली आहे, ती इंधन अनुदानाची. सप्टेंबर २०१३ पासून इंधनाचे दर बाजारभावाशी जोडले, डिसेंबर २०१५ मध्ये ते पूर्ण मोकळे केले. स्वयंपाकाच्या १२ किलोच्या गॅस टाकीला मात्र हात लावला नाही, ती ४० दिरहमलाच राहिली. एवढे करूनही पुढच्या निवडणुकीत जागा वाढल्या, हे विशेष.

मतदारांनी दणका दिला तो २०२१ मध्ये, ओथमानींच्या काळात. १२५ चे थेट १३. त्या वेळी जागावाटपाचा कोटा, म्हणजे एका जागेला लागणारी मते, झालेल्या मतांऐवजी नोंदलेल्या मतदारांवर काढला गेला, हे खरे. समजा ४ जागांच्या मतदारसंघात २ लाख मतदार आहेत, मते पडली १ लाख आणि चार पक्षांना मिळाली ५०, २२, १६ व १२ हजार. कोट्याने भरल्यावर उरलेल्या जागा ज्यांची शिल्लक मते जास्त त्यांना जातात. जुना कोटा २५ हजार, म्हणून पहिल्याला २ जागा. नवा कोटा ५० हजार, म्हणून चौघांना एकेक. मोठ्या पक्षाला यात फटका बसतोच, पण १३ वर आणायला तेवढा पुरत नाही. मते खरोखरच गेली होती. दोन महिन्यांच्या आत पक्षाने ओथमानींच्या जागी सरचिटणीस म्हणून पुन्हा बेनकिरान यांनाच आणले.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली