‘चांगले जिवाणू’ नेमके करतात काय?

महोदय,

जुलाब सुरू झाले की मागच्या आजारपणात उरलेली अँटिबायोटिकची गोळी स्वतःच्याच मनाने घ्यायची आणि जोडीला ‘चांगल्या जिवाणूं’ची पुडी, असा प्रघात अनेक घरांत दिसतो. हे जिवाणू पोट सांभाळतात, एवढेच जाहिराती सांगतात. ते कसे सांभाळतात हे कळले, तर त्या गोळीकडे हात जरा विचार करून जाईल.

मोठ्या आतड्यातील जिवाणू अन्नातले आपल्याला न पचलेले तंतू आंबवून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार करतात. आतड्याच्या अस्तरातील पेशींचे हेच मुख्य इंधन असून, ते जाळताना त्या भरपूर ऑक्सिजन वापरतात. त्यामुळे आतड्याच्या पोकळीत तो जवळजवळ उरतच नाही आणि ऑक्सिजन मिळताच फोफावणाऱ्या साल्मोनेला या जुलाब घडवणाऱ्या जंतूची कोंडी होते. अँटिबायोटिकने हे जिवाणू मेले की पेशींचे इंधन तुटते, ऑक्सिजन पोकळीत झिरपतो आणि जंतूला आयतेच रान मोकळे मिळते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदरांना आधी स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक दिल्यावर, एरवी सुमारे १,००,००० साल्मोनेला लागत तिथे १० हून कमी जंतूही संसर्गाला पुरले.

क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या तीव्र जुलाब घडवणाऱ्या जंतूची गोष्ट पित्ताशी जोडलेली आहे. यकृताने बनवलेली काही पित्ताम्ले त्याच्या बीजाणूंना, म्हणजे सुप्तावस्थेतल्या रूपाला, अंकुर फोडतात. आतड्यातले मोजके जिवाणू त्याच पित्ताम्लांचे डीऑक्सिकोलिक आम्लात रूपांतर करून त्याची वाढ रोखतात. हे जिवाणू गेले की रोग पुन्हा पुन्हा उलटतो. अशा रुग्णांवरील नेदरलँड्समधील चाचणीत (२०१३) निरोगी दात्याच्या विष्ठेचे द्रावण नाकातून घातलेल्या नळीने लहान आतड्यात सोडले, तेव्हा १६ पैकी १५ जण बरे झाले. नुसत्या व्हँकोमायसिन या अँटिबायोटिकवर १३ पैकी ४. नाक मुरडावे असा उपचार खरा, पण हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पुडीत बहुधा लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू किंवा एखादे यीस्ट असते. ब्युटिरेट बनवणारे बहुतेक जिवाणू ऑक्सिजन लागताच मरतात, त्यामुळे त्यांची भरपाई अशा पुडीतून सहसा होत नाही. डॉक्टरांनी तपासून दिलेले अँटिबायोटिक जरूर घ्यावे. पण विषाणूमुळे झालेल्या जुलाबांत त्याचा उपयोग शून्य आणि वर ही नासाडी पदरी पडते. ‘पोट सांभाळतात’ असे छापणाऱ्या कंपन्यांनी आपल्या पुडीतला जिवाणू यातले नेमके कोणते काम करतो, हेही वेष्टनावर लिहावे.

– एक वाचक