पायाखालचा ट्यूनर

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. बँडमध्ये बास गिटार घेऊन उभी राहणार आणि त्याआधी "स्वस्तातलं पण बरं" ट्यूनर पेडल, म्हणजे तार सुरात आहे का ते दाखवणारी, पायाने दाबायची डबी, घ्यायचंय म्हणतेस. सोबत अकरा फोटो पाठवलेस. त्यातली निम्मी पेडल्स एकाच आईची लेकरं दिसतात, फक्त अंगातले सदरे वेगळे. आणि दादाने तुला बजावलंय की घ्यायचा तर ०.१ सेंटवालाच घे, नाहीतर घेऊ नकोस. आधी दादाचं म्हणणं निकालात काढतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

सेंट म्हणजे स्वरांतला फरक मोजायचं बारीक माप. एका सप्तकाचे १२०० सेंट. म्हणजे बासवर एका फ्रेटवरून (मानेवरच्या आडव्या पट्टीवरून) शेजारच्या फ्रेटवर बोट सरकवलं की १०० सेंट. साध्या, चांगल्या पेडलवर अचूकता ±१ सेंट लिहिलेली असते. बॉसचा टीयू-३ २०१० पासून असंख्य वादकांच्या पायाखाली आहे, त्याचीही तेवढीच. स्ट्रोब पद्धतीचे, म्हणजे सरकती नक्षी दाखवणारे, ट्यूनर ±०.१ सेंटपर्यंत जातात, पीटरसनचा स्ट्रोबोस्टॉम्प हा त्यातलाच. कागदावर दादा बरोबर आहे. आता तुझ्या बासकडे बघू. तुझी ई ची जाड तार सेकंदाला ४१.२ वेळा कंप पावते, म्हणजे ४१.२ हर्ट्झ. ती एक सेंटने चुकली तर फरक सेकंदाला ०.०२४ कंपनांचा. एक बास बरोबर लावलेली आणि दुसरी एवढी चुकलेली, अशा दोन्ही एकदम वाजवल्या, तर त्यांच्या मूळ स्वरांत आवाज फुगून ओसरण्याची एक लाट पुरी व्हायला चाळीसेक सेकंद लागतील. ०.१ सेंटची चूक असेल तर सात मिनिटं! वरच्या हार्मोनिक्समध्ये, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांत, ही लाट लवकर येते, चौथ्यात चौपट वेगाने, हे मान्य. तरी सात मिनिटांचे पावणेदोनच होतात, आणि तेवढ्यात तुमचं गाणं संपून टाळ्याही वाजून झालेल्या असतील. शिवाय तू तार जोरात छेडलीस की ती पहिल्या क्षणी काही सेंट वर चढते आणि मग खाली येऊन स्थिरावते. तारच एवढी हलते तिथे दशांश कसले मोजायचे?

स्ट्रोबचं काम असतं ते इंटोनेशन लावताना, म्हणजे मानेवर कुठेही दाबलं तरी स्वर सुरातच यावा म्हणून. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) ताडून ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा ज्यांवर टेकतात ते तुकडे, मागेपुढे करायचे, तेव्हा तो बारीकपणा उपयोगी पडतो. ते काम काही रोज करायचं नसतं. त्या दिवशी दादाचा ट्यूनर मागून घे, तो आढेवेढे घेईल पण देईल.

मग पैसे कशासाठी द्यायचे? बासवाल्याने पहिल्यांदा एकच बघायचं: खर्जातली तार तो ट्यूनर किती लवकर ओळखतो आणि ओळखल्यावर किती ठाम राहतो. गिटारच्या बारीक ई चं एक कंपन तीन मिलिसेकंदांत पुरं होतं. तुझ्या जाड ई ला चोवीस लागतात, आणि पाच तारांची बास घेतलीस तर खालच्या बी ला, म्हणजे ३०.८७ हर्ट्झला, बत्तीस. स्वर ओळखायला ट्यूनरला निदान दोन-तीन कंपनं तरी पाहावीच लागतात, म्हणून जाड तारेवर तो थोडा रेंगाळणार, त्यात त्याचा दोष नाही. दोष कुठे दिसतो सांगतो. जाड तारेत मूळ स्वर बऱ्याचदा दुबळा असतो आणि त्याच्या वरचे हार्मोनिक्स दांडगे. कच्चा ट्यूनर त्यांनाच मूळ स्वर समजतो आणि क्षणात ई, क्षणात बी असं नाचायला लागतो. तुझ्या फोटोंतल्या कुठल्याही पेडलचं भविष्य या एका परीक्षेत कळेल. म्हणून घ्यायला जाशील तेव्हा स्वतःची बास खांद्याला लावून जा. तिथल्या गिटारवर ट्यूनर छानच दिसतात.

नाचरा ट्यूनर पदरी पडलाच, तर एक-दोन युक्त्या आहेत. टोनचा नॉब पूर्ण खाली, दोन पिकअप (तारांची थरथर टिपणारे भाग) असतील तर मानेजवळचा चालू, आणि नखाने न छेडता अंगठ्याच्या मांसल भागाने हलकेच. तरीही ऐकला नाही तर बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजव, तो एक सप्तक वर असतो आणि ट्यूनरला तिथे सोपं जातं. मी वर्षानुवर्षं असंच लावत आलोय.

दुसरी गोष्ट दिसण्याची. तू उभी असणार, पेडल पायाशी, वरून दिवे. मोबाइलच्या पडद्यावर फोटो बघून ते कळत नाही. जमिनीवर ठेव, सरळ उभी राहा आणि वाकून न बघता स्वराचं अक्षर वाचता येतं का बघ. जमलं तर बाहेर उन्हातही ने. माझी एक अडचण तुला ठाऊक आहे, मला लाल आणि हिरवा नीट वेगळे दिसत नाहीत. तरुणपणी माझ्याकडे असा ट्यूनर होता ज्यात बरोबर स्वर म्हणजे हिरवा दिवा आणि चुकीचा म्हणजे लाल, दोन्ही एकाच ठिकाणी. मी त्याच्याकडे बघून उगाच मान डोलवायचो. तुला हा त्रास नाही, पण तरीही जागा बदलणारा दिवा असलेलाच घे. तार किती खाली आहे आणि किती वेगाने वर येतेय, हे सरकणाऱ्या दिव्यावरून डोळ्याला आपोआप समजतं. नुसत्या रंगावरून फक्त चूक की बरोबर एवढंच.

म्यूटबद्दल फार लिहायला नको, पण ते हवंच. पाय ठेवला की अ‍ॅम्पकडे जाणारा आवाज बंद आणि ट्यूनर चालू. तुझा क्लिपवाला ट्यूनर घरी उत्तम आहे, पण तो आवाज बंद करत नाही, आणि शेजारी ड्रम सुरू झाले की बासच्या डोक्यापर्यंत पोचणारी थरथरही तो स्वर म्हणून मोजू पाहतो. एकदा दोन गाण्यांच्या मध्ये गायक निवेदन करत होता, आणि मी मागे सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं डूं, डूंऊं, डूंऊंऊं करत ए ची तार लावत होतो. त्याने मागे वळून ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतरच्या आठवड्यात मी पेडल घेतलं. घेताना म्यूट चालू-बंद करून मोठ्या आवाजात ऐक. काही स्विच 'टक्' करतात, तो टक् अ‍ॅम्पमधून ढोलासारखा येतो.

आता ट्रू बायपास की बफर. यावर तुझ्या बँडमधला गिटारवाला तुला तासभर व्याख्यान देईल. तुझ्यापुरतं चार ओळींत आटपतं. पेडल बंद असताना सिग्नल सरळ वायरीतून जातो तो ट्रू बायपास. आत एक छोटं सर्किट सिग्नलला बळ देऊन पुढे धाडतं तो बफर. लांबलचक केबल साध्या पिकअपच्या आवाजातला चमकदार भाग खाते, आणि ते बफर वाचवतो. पण तुझी बास बॅटरीवाली, अ‍ॅक्टिव्ह आहे. तिच्या पोटातच सिग्नलला बळ देणारा प्रीअ‍ॅम्प आहे. म्हणजे बफरचं काम तिथेच होतं. तेव्हा दोन्हीपैकी काहीही चालेल, 'ट्रू बायपास' असं ठळक छापलंय म्हणून जास्त पैसे देऊ नकोस.

आता मुख्य मुद्दा. तू पाठवलेल्या अकरांपैकी आठ मिनी पेडल्स आहेत. दिसायला गोड, किंमतही कमी. पण ती मुळात कोणासाठी बनली? ज्यांच्या पेडलबोर्डवर दहा पेडल्सची दाटी आहे आणि इंच-इंच जागेसाठी भांडण आहे त्यांच्यासाठी. तुझ्याकडे बोर्डच नाही. हे तुझं पहिलं आणि सध्या एकमेव पेडल. ते उघड्या जमिनीवर असणार, दोन्ही बाजूंनी जड केबली त्याला ओढणार, आणि तू बूट घालून त्यावर पाय देणार. मिनी पेडल अशा वेळी कलंडतं, नाहीतर सरकत सरकत ड्रमरच्या पायात जातं. बोर्डवर चिकटवलेलं असलं तर त्याच्यासारखं गुणी बाळ नाही.

आणि वीज? बहुतेक मिनी पेडल्समध्ये बॅटरीला जागाच नसते. ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर लागतो, तोही बहुतेकदा मधली पिन ऋण असलेला. घरातल्या कुठल्याही उपकरणाचा उचलून लावलास आणि पिन उलटी निघाली तर पेडल जळू शकतं. म्हणजे किंमत बघताना अ‍ॅडॉप्टरही त्यात धर. शिवाय स्टेजवर बासवाल्याच्या पायाशी सॉकेट असेलच याची खात्री कोण देणार? पूर्ण आकाराच्या बऱ्याच पेडल्समध्ये ९ व्होल्टची बॅटरी बसते, आणि केबल लावली की काम सुरू.

म्हणून माझं मत विचारशील तर जुना घे. पूर्ण आकाराचा, धातूच्या डब्यातला, कोणीतरी पाचेक वर्षं वापरून विकायला काढलेला. ट्यूनर ही वस्तू जुनी झाली म्हणून तिचा सूर बिघडत नाही. आत क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालणारं घड्याळ असतं, त्याच्याशी तो तुझ्या तारेची कंपनं ताडतो, आणि ते सहसा दगा देत नाही. बिघडतं ते हाता-पायांनी हाताळायचं सगळं: स्विच, जॅक, बॅटरीची वायर. स्विच वीस-तीस वेळा दाबून बघ. जॅकमध्ये केबल लावून ती हलव, खरखर आली तर सोड. सगळे दिवे लागतात का बघ, अक्षराची एखादी रेघ मेलेली असली की ई आणि एफ सारखेच दिसतात. बॅटरीचं झाकण उघडून आत हिरवट पांढरा गंज आहे का तेही बघ. रंग उडालेला असेल तर उलट बरं, तेवढीच घासाघीस करता येईल.

जुना घेतलास की पहिलं काम म्हणजे कॅलिब्रेशन तपासणं. ए म्हणजे ४४० हर्ट्झ असंच असायला हवं. त्याचं बटण बऱ्याच पेडल्सवर बाहेरच असतं. एकदा माझ्याच अंगठ्याचा धक्का लागून ते ४४२ वर गेलं. फरक जेमतेम आठ सेंटचा, पण कीबोर्ड बिचारा ४४० वरच. संध्याकाळभर आम्ही दोघं एकमेकांकडे संशयाने बघत होतो, आणि प्रत्येक गाण्याआधी मी ट्यूनर बघून छातीठोकपणे सांगत होतो की माझं बरोबर आहे. माझा हिरवा दिवा लागलेला होता ना! म्हणजे, मला जो हिरवा वाटत होता तो.

आठपैकी एक मिनी तुला फारच आवडलाय, तो निळा, हे मला कळतंय. बोर्ड झाला की घे. आत्ता तुझ्या यादीतले ते तीन मोठे बघ, आणि जाताना दादाला सोबत ने. स्विच दाबायला बरा आहे तो.

तुझा,
बाबा

ता. क. वाजवून झालं की बासमधली आणि पेडलमधलीही केबल काढत जा. केबल खुपसलेली राहिली की बासचा प्रीअ‍ॅम्प चालू राहतो, आणि पेडलही तसंच. पेडलची बॅटरी रात्रीतूनही उतरू शकते, बासची हळूहळू. एक जास्तीची ९ व्होल्टची बॅटरी बासच्या पिशवीत कायम असू दे, दोघांनाही तीच लागते.