त्रुटी कळवायची कुठे?

संपादक महोदय,

हॅकर म्हणजे सर्व्हर फोडणारा, हा बातम्यांतला अर्थ इतका रुजला आहे की सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची त्रुटी दाखवून देणाऱ्यालाही काही कंपन्या आभाराऐवजी वकिलाची नोटीस धाडतात. एमआयटीतल्या रेल्वे मॉडेल क्लबात हा शब्द रूढ झाला, तेव्हा यंत्रणा उकलून पाहण्याचा नाद असलेला माणूस एवढाच त्याचा अर्थ होता. त्या नादानेच मार्च २०२४ मध्ये मोठे संकट टळले. एसएसएच लॉगिनला, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायला, सुमारे ०.३ ऐवजी ०.८ सेकंद लागतात, हे आन्द्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याच्या लक्षात आले. अर्ध्या सेकंदासाठी कोण डोके खाजवतो? त्यांनी माग काढला आणि एक्सझेड या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या कॉम्प्रेशन पॅकेजच्या ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. जाहीर करण्याआधी त्यांनी तो डेबियन या लिनक्स प्रणालीच्या सुरक्षा पथकाला कळवला.

असे कळवायला पत्ता लागतो, आणि बहुतेक कंपन्यांचे घोडे इथेच अडते. विक्री विभागाच्या फॉर्ममध्ये टाकलेली सूचना कोणी वाचत नाही. वास्तविक २०२२ च्या आरएफसी ९११६ या इंटरनेटविषयक तांत्रिक दस्तऐवजाने सोपी सोय केली आहे: सर्व्हरवर 'डॉट वेल-नोन' फोल्डरमध्ये सिक्युरिटी डॉट टीएक्सटी ही साधी मजकूर फाइल एचटीटीपीएसवरून उघडेल अशी ठेवायची. त्यात 'कॉन्टॅक्ट' (संपर्काचा पत्ता) आणि 'एक्स्पायर्स' (फाइलची मुदत) या दोनच ओळी सक्तीच्या. चुका नेमक्या याच दोन ओळींत होतात. ईमेल पत्त्याआधी 'मेलटू:' लिहायचे राहते. मुदत वर्षाच्या आतली ठेवावी हे खरे, पण ती उलटल्यावर फाइल कोणी नव्याने टाकत नाही. पत्ता एकाच कर्मचाऱ्याचा असेल तर तो नोकरी सोडताच सगळे थांबते, म्हणून सामायिक मेलबॉक्स हवा. त्यावरचा स्पॅम फिल्टरही सैल ठेवा, कारण त्रुटीचा पुरावा म्हणून जोडलेला कोड हमखास अडवला जातो.

सूचना आल्यावर एक-दोन दिवसांत पोच द्या आणि ती त्रुटी स्वतः घडवून पाहा. एसक्यूएल इंजेक्शन, म्हणजे फॉर्ममधल्या मजकुरातून डेटाबेसला भलतीच आज्ञा देण्याची वाट, असेल तर त्या एका फॉर्ममधले अवतरणचिन्ह गाळून भागत नाही. संख्येच्या रकान्यात अवतरणचिन्हाशिवायही हल्ला होतो. क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) पॅरामीटर वापरून, म्हणजे आलेला मजकूर आज्ञेपासून वेगळा ठेवून लिहा, आणि मजकूर जोडून बांधलेल्या बाकीच्या क्वेरी सगळ्या कोडमध्ये शोधा. एका ठिकाणी सापडली म्हणजे आणखी असणारच, असे धरूनच शोधावे.

मुदतीचा वादही नको. गूगलचा प्रोजेक्ट झीरो हा त्रुटी शोधणारा गट दुरुस्तीला ९० दिवस देतो, हल्ले सुरू असतील तर फक्त ७. काम लांबत असेल तर कारण आणि नवी तारीख शोधणाऱ्याला आधीच कळवा; गप्प बसलात तर तो तपशील जाहीर करील, आणि त्यात त्याचा दोष नाही. दुरुस्तीच्या टिपणात, त्याची हरकत नसेल तर, त्याचे नावही द्या.

– एक सॉफ्टवेअर अभियंता