चित्राची पाठही दाखवा

संपादक महोदय,

सणासुदीच्या पुरवण्यांत हल्ली दिवे बसवलेली चित्रे वरचेवर दिसतात. रात्रीचा वाडा, खिडक्यांतून लवलवणारा उजेड. छायाचित्र नेहमी समोरचे असते. ही चित्रे बिघडतात मात्र पाठीकडून, म्हणून हे पत्र.

६० बाय ४५ सेंटिमीटरचा कॅनव्हास घ्या. २४ खिडक्या, प्रत्येकीमागे दोन, म्हणजे ४८ एलईडी; मीटरला ६० दिवे असलेली डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (हिच्यातल्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो) कापून वापरायची. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, ४८ मिळून २.९ अँपिअर. तेव्हा अ‍ॅडॉप्टर ५ व्होल्ट, ४ अँपिअरचा हवा. बारीक वायरीने एकाच टोकाला वीज दिली, तर शेवटच्या खिडक्यांत पांढरा रंग पिवळट-तांबूस होतो, कारण व्होल्टेज उतरले की निळा आधी मंदावतो. पट्टीच्या दोन्ही टोकांना लाल-काळी वायर द्यावी.

खरी गफलत रंगात होते. बाजारातल्या कॅनव्हासवर आधीच पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, असतो आणि तो बराच उजेड अडवतो. त्यावर खिडकी जाड पिवळ्याने भरली, तर मागे दिवा असूनही ती मेलेली दिसते. तिथे पारदर्शक पिवळा ग्लेझिंग मिडियममध्ये (रंग पातळ, पारदर्शक करणाऱ्या द्रवात) पातळ करून एक-दोन हात द्यावेत. टिटॅनियम पांढरा अजिबात मिसळू नये. बाकी सगळ्या कापडाला पाठीमागून काळ्या अ‍ॅक्रिलिकचे दोन हात हवेतच. नाहीतर विणीतल्या छिद्रांतून उजेड झिरपतो आणि काळ्या भिंतीवर नको तिथे चांदण्या उमटतात. एलईडी बसवण्याआधी अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलची टॉर्च फिरवली की एकेक छिद्र दिसते. त्यावर तिथल्या तिथे ब्रश टेकवावा.

एलईडी आणि कापड यांत २५ ते ३० मिलिमीटर अंतर ठेवावे. कमी पडले तर खिडकीत उजेड पसरत नाही, दोन ठिपके दिसतात. शेजारच्या खिडकीत उजेड जाऊ नये म्हणून मध्ये सनबोर्डच्या (हलक्या फोम शीटच्या) भिंती, आतून पांढऱ्या, बाहेरून काळा कागद लावलेल्या.

दिव्यांना कधी कोणता रंग हे सांगणारा छोटा बोर्ड म्हणजे ईएसपी३२. त्याचा सिग्नल ३.३ व्होल्टचा, आणि ५ व्होल्टवर चालणाऱ्या या एलईडीला ३.५ च्या आसपास लागतो. टेबलावर चालते, भिंतीवर टांगले की लुकलुकते, ते बहुधा यामुळे. मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप, पहिल्या एलईडीजवळ डेटा वायरीत ३३० ओहमचा रेझिस्टर, वीज येते तिथे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (उणे-अधिक पाहून), आणि बोर्ड व अ‍ॅडॉप्टर यांचे ग्राउंड (उणे बाजूच्या वायरी) एकत्र. पट्टीवरचा बाण डेटाची दिशा दाखवतो; उलटी जोडली तर काहीच पेटत नाही. बोर्डावर घालायचे, दिवे चालवणारे डब्ल्यूएलईडी हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, पण त्यात सुरुवातीला विजेची मर्यादा ८५० मिलिअँपिअर असते. चित्र मंद वाटले की लोक अ‍ॅडॉप्टर बदलतात. आधी ती मर्यादा अ‍ॅडॉप्टरच्या बेताने वाढवावी. लाल रंग निवडला आणि हिरवा आला, तर सॉफ्टवेअरमध्ये रंगांचा क्रम जीआरबी (हिरवा-लाल-निळा) करावा.

एक एलईडी गेला की त्याच्या पुढचे सगळे विझतात. दोष शेवटच्या पेटलेल्यात असतो किंवा पहिल्या विझलेल्यात, नाहीतर त्या दोघांमधल्या सांध्यात. दहा मिनिटांचे काम. पण पाठ चिकटवून टाकलेली असेल तर चित्र फाडल्याशिवाय हात पोचत नाही, आणि महिनाभर खपून केलेले काम माळ्यावर जाते. याचे फार वाईट वाटते. पाठीला स्क्रूने बसवलेला पत्रा किंवा प्लाय, वर-खाली हवेला भोके, आणि आत कागदावर काढलेली जोडणी एवढे असावेच.

पुढच्या वेळी असे चित्र छापाल तेव्हा शेजारी त्याच्या उघड्या पाठीचेही छायाचित्र द्यावे, ही विनंती.

— एक कलाशिक्षक, पुणे